पुढच्या सीटचे गुलाबभाई

माझ्या नोकरीला कोणाचा वशिला होता, असं अजूनही कोणी विचारतं. मी खरं ते सांगतो. नगरच्या मोटार-अड्ड्यावरच्या एजंटाचा. ऐकणारा हसतो आणि मी काहीतरी लपवतोय असं समजून विषय बदलतो. ज्यांनी गुलाबभाईंना पाहिलं नाही त्यांना हे पटवणं अवघड आहे, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांना सांगायची गरजच पडत नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या पाठीला एक उंच पिंप लावलेलं असे, त्यात कोळशाची भट्टी. सुटायच्या आधी कितीतरी वेळ पंखा फिरवून ती पेटवावी लागे. सगळ्या अड्ड्यावर धूर, खोकला आणि बोचकी. मोटार कधी सुटणार असं कोणी विचारलं की गुलाबभाई म्हणत, "पेटली की." आणि पेटल्यावरही ती सुटत नसे, कारण माणसं कशी बसवायची ते गुलाबभाईंच्या मनासारखं झालेलं नसे.

ते उंच, काटकुळे होते. गोल काळी टोपी कायम एका कानाकडे झुकलेली आणि उजवा हात कायम वर. त्या हाताने ते राहुरीला बोलवत, शेवगावला थांबवत आणि पाथर्डीला दम भरत. माणसांना नावं असतात हे त्यांना मान्य नव्हतं. ज्या गावाचं तिकीट, ते त्या माणसाचं नाव. "ए पाथर्डी, कोंबडी टपावर दे." "शेवगाव, आजी, पाय आत घ्या." एकाच गावचे चारजण आले तर थोरली राहुरी, धाकटी राहुरी, खोकणारी राहुरी अशी वाटणी व्हायची. घोडेगावची एखादी मुलगी लग्न होऊन पहिल्यांदा सासरी निघाली की ते तिला मोटारीच्या दारातच विचारत, "बेटा, आजपासनं काय म्हनू?" ती "पाथर्डी" म्हणे आणि रडायला लागे. मग ते म्हणत, "बरं बरं, या खेपेला घोडेगावच ऱ्हाऊ दे."

मी त्यांच्या लेखी सोनई होतो. वडील सोनईचे शिंपी. आठवड्याच्या बाजारात मशीन घेऊन बसत. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मॅट्रिकपर्यंतही कोणी गेलेलं नव्हतं. मी पुण्याला कॉलेजात शिकत होतो, सुट्टीत येता-जाता नगरला मोटार बदलावी लागे, एवढीच आमची ओळख. वर्षातून चार-सहा वेळा, मोटार पेटेपर्यंत. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं आणि मला त्यांचं घर.

त्यांच्याबद्दलची सगळ्यात मोठी गंमत मला दुसऱ्या वर्षी कळली. मी सोनईच्या विहिरींना पाणी आटल्याचं काही सांगत होतो, तर त्यांनी विचारलं, "सोनईला नदी हाय का वो?" मी म्हटलं, "तुम्ही गेला नाहीत कधी?" तर ते म्हणाले, "मी कुठंच गेलो न्हाई. मला मोटार लागती." जिल्ह्याभरच्या मोटारी सोडणारा हा माणूस जन्मात मोटारीत बसला नव्हता. एकदा नुसत्या थांबलेल्या मोटारीत सामान ठेवायला चढले तर भोवळ आली म्हणे. राहुरी, शेवगाव, नेवासं ही गावं त्यांनी फक्त माणसांवरून ओळखली होती. त्यामुळे त्यांचं म्हणणं, राहुरी हे गाव रागीट आहे आणि शेवगावला सगळे उशिरा उठतात.

आता पुढच्या सीटबद्दल सांगायला हवं. ड्रायव्हरच्या शेजारी दोन माणसं बसू शकत. तिथे धूर कमी, धक्के कमी. ती सीट पैशावर मिळत नसे, गुलाबभाई देत. कोणाशेजारी कोण बसणार हेही तेच ठरवत, आणि त्यात त्यांचे स्वतःचे बेत असत. कोणाला बैल विकायचा असे, कोणाला घ्यायचा असे. त्या दोघांना ते काही न बोलता शेजारी बसवत आणि रस्त्यावर सोपवून देत. राहुरीकडच्या दोन भावांचा बांधावरून नगरच्या कोर्टात खटला चालू होता. दर तारखेला दोघे एकाच मोटारीने येत, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. गुलाबभाईंनी एका तारखेला दोघांनाही पुढच्या सीटवर घातलं आणि मध्ये कोणाची तरी अंड्यांची पाटी दिली. "दोघांनी धरा, फुटली तर दोघांकडनं भरून घेईन." पुढच्या तारखेलाही तेच. मी एकदा विचारलं, "मिटला का हो खटला?" ते म्हणाले, "छ्या. वकील मिटू देतेत व्हय? पन आता भाकरी एका फडक्यात बांधून आनत्यात."

त्या सीटवर लग्नंही बरीच जमली होती. मुलीचे बाप त्यांच्या कानाशी लागत. मग एखादा कारकून किंवा तलाठी प्रवासभर शेजारच्या गृहस्थाशी गप्पा मारी, आणि ते गृहस्थ आपले सासरे होणार हे त्याला पुढच्या पंधरवड्यात कळे.

मी गणित घेऊन बी.ए. झालो. सोनईत गूळ वाटला. आणि त्यानंतर काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांनी पुढे पाहिलं ते बी.ए.पर्यंतच. लढाईमुळे कापडाचं कंट्रोल आलं होतं. कापड नाही तर शिवायचं काय? अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजारात मशीन मांडून बसत आणि जुन्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटून देत. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मला नोकरी हवी होती, आणि ती त्या उन्हाळ्यातच हवी होती, कारण शाळा जूनमध्ये उघडतात आणि मग वर्षभर कोणी मास्तर घेत नाही.

मी रीतसर खटपट केली. नगरला एका वकिलांकडे गेलो, कचेरीतल्या एका ओळखीच्या साहेबांकडे गेलो. सगळ्यांनी चांगलं वागवलं, बसवलं, आणि अर्ज टाकून ठेवायला सांगितलं. अशाच एका दुपारी अड्ड्यावर परत आलो तर सोनईकडची मोटार अजून धुमसत होती.

"काय सोनई, तोंड का उतरलंय?" गुलाबभाई म्हणाले.

त्या क्षणी मला काय वाटलं कोण जाणे. ज्याला माझं नाव माहीत नाही त्या माणसाला मी म्हटलं, "गुलाबभाई, कुठं एखादी नोकरी कानावर आली तर सांगा. शिकवायची. मी बी.ए. झालोय."

"काय शिकवता?"

"गणित."

त्यांनी धुराकडे पाहिलं. मग सहज म्हणाले, "देवळालीच्या इंग्रजी शाळेत गनिताचा मास्तर न्हाई."

देवळाली म्हणजे राहुरीपलीकडची देवळाली प्रवरा. "जाहिरात आलीय?"

"जाहिरात कशी येईल? त्यांना तरी कुठं ठावं हाय अजून."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं. देवळालीचे गणिताचे मास्तर सुट्टीत आई आजारी आहे म्हणून सहकुटुंब नगरमार्गे गेले होते. इथे मोटार बदलताना त्यांचं सामान गुलाबभाईंनीच टपावर चढवलं.

"पाटा-वरवंटा हुता. तुळशीची कुंडी हुती. मला सांगा, आईला बघायला जाताना तुळस कोन न्हेतं? रेशनिंगच्या कचेरीत लागला आसंल कुठंतरी. तिकडं पगार बरा हाय म्हनत्यात."

मी तिथल्या तिथे त्यांचा हात धरला. "तुमची तिथं कोणाशी ओळख आहे? मला एक चिठ्ठी द्या."

"माझी चिठ्ठी? मी काय मामलेदार हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् चिठ्ठी घिऊन जाऊच नका. मागनाऱ्याकडं मानूस बघत न्हाई, घड्याळाकडं बघतो. मंगळवारी दुपारी या. धुतलेलं धोतर नेसून या. तुमाला देवळालीशेजारी बसवतो."

त्यांची ही देवळाली म्हणजे नानाशेठ. देवळालीचे मोठे कापडवाले, शाळेच्या कमिटीवरचे वजनदार गृहस्थ. दर मंगळवारी कापडाच्या परवान्यासाठी नगरच्या कचेरीत येत. जातीने आमच्यासारखेच शिंपी, पण आम्ही मशीनमागचे आणि ते गादीवरचे.

मंगळवारी मी सकाळीच अड्ड्यावर हजर झालो. अण्णांनी माझ्या कोटाला रात्री अस्तर लावलं होतं. कापडी पिशवीत सर्टिफिकिटं, एक सदरा आणि आईने दिलेल्या दशम्या. दुपारी नानाशेठ आले. ठेंगणे, गोरे, कानात भिकबाळी, हातात छत्री. गुलाबभाईंनी मला आधी कानात नियम सांगितले. विळदचा घाट उतरेस्तोवर तोंड उघडायचं नाही, कारण त्या उतारावर माणूस देवाचं नाव घेत असतो. घाट संपला की तो आपोआप बोलका होतो. मग विचारतील तेवढंच सांगायचं. नोकरीचं नाव काढायचं नाही, ते त्यांच्या तोंडून येऊ द्यायचं.

मग त्यांनी मला दंडाला धरून पुढे नेलं. "देवळाली, हे आमचे सोनई. शिंप्याचे हायेत. बीए झालेत. तुमच्याशेजारी देतो. बगून घ्या."

नानाशेठांनी मला टोपीपासून वहाणांपर्यंत पाहिलं आणि सरकून जागा दिली.

विळदच्या घाटात कोणी बोललं नाही. घाट संपला, मोटार सपाटीला लागली, आणि खरोखरच नानाशेठांनी छत्री मांडीवर आडवी ठेवून विचारलं, "सोनईचे कुणाचे तुम्ही?"

मी सांगितलं. मामा कुठले, तेही त्यांनी विचारलं. तेही सांगितलं. भाऊ किती, बहिणी किती, घरात अजून कोणाचं लग्न व्हायचंय. मला वाटलं, बरोबर आहे. आधीचे मास्तर पळून गेले, तेव्हा आता नीट चौकशी करूनच घेणार. हा माणूस टिकेल का, एवढंच त्यांना पाहायचंय. मग मी उत्साहाने न विचारलेलंही सांगू लागलो.

"तपकीर, विडी?"

"नाही."

"डोळे कसे आहेत? इतकं वाचलंत."

मी खिडकीतून लांबच्या बाभळीवरचे पक्षी मोजून दाखवले.

"राग येतो का लवकर?"

"मुळीच नाही."

"गावापासून लांब राहायला लागलं तर?"

"मी लागेल तिथं राहीन. देवळालीला तर आनंदानं राहीन." हे वाक्य मी गेले चार दिवस मनात घोळवत होतो.

नानाशेठांना ते फार आवडलं. राहुरीला चहाला मोटार थांबली तेव्हा त्यांनी मला समोरच्या दुकानातून सुपारी आणायला पाठवलं. मी पळतच गेलो. परत आलो तर ते माझ्या पायांकडे पाहत होते. "सावकाश, सावकाश," म्हणाले. "चाल चांगली आहे." गणिताच्या मास्तरला चाल कशाला लागते, असा प्रश्न मला पडला, पण शाळेत कवायतही असेल असं मी मनाशी ठरवलं. देवळाली जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "घरी चला. आज राहा. घरच्यांनाही एकदा पाहू द्या."

मोटारीतून उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मनातल्या मनात मी शाळेचं वेळापत्रक मांडत होतो.

घरी पाय धुवायला पाणी आलं. बैठकीवर जाजम होतं, तिथे मला बसवलं. नानाशेठांची थोरली विधवा बहीण, आत्याबाई, येऊन भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे एकटक पाहू लागली. मग आतून सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली, ती ठेवून समोर खाली मान घालून बसली. आत्याबाई म्हणाली, "काय विचारायचं ते विचारा."

आता इथे मी काय समजलो ते सांगतो. मी समजलो, हा चाचणी पाठ आहे. पुण्याला आम्ही ऐकलं होतं, की शाळेवाले नव्या मास्तरला एक विद्यार्थी समोर बसवून शिकवायला लावतात. शाळा सुट्टीमुळे बंद, म्हणून घरातलीच मुलगी बसवली असणार. मी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि विचारलं, "त्रैराशिक झालंय का तुझं?"

मुलीने चमकून वर पाहिलं. "झालंय."

"छान. चार शिंपी सहा दिवसांत अठ्ठेचाळीस सदरे शिवतात. तर तीन शिंपी पाच दिवसांत किती शिवतील?"

ती थोडा वेळ जाजमाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तीस. पण एवढं कापड कुठल्या दुकानात मिळतं?"

दाराआड कोणीतरी फुसकन हसलं. माझा हुरूप वाढला. "उत्तर बरोबर. आता रीत सांग. नुसत्या उत्तराला मी निम्मेच गुण देतो."

"एक शिंपी दिवसाला दोन सदरे," ती म्हणाली. "तीन शिंपी सहा. पाच दिवसांत तीस."

"शाबास. आणि तिसऱ्या दिवशी एक शिंपी आजारी पडला तर?"

"नाना," आत्याबाई कडाडली, "हा पोरगा मुलगी बघायला आलाय का तिची परीक्षा घ्यायला आलाय?"

बशीतले पोहे तसेच राहिले. मी नानाशेठांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मी कसाबसा म्हटलं, "मी... मला वाटलं चाचणी पाठ आहे. मी गणिताच्या मास्तरच्या नोकरीसाठी आलोय."

"कसली नोकरी?" नानाशेठ म्हणाले. "गुलाबनं तर... अहो, आमचे मास्तर रजेवर गेलेत. आई आजारी आहे त्यांची."

"पाटा-वरवंटा घेऊन गेलेत," मी म्हटलं. "आणि तुळस."

नानाशेठांना त्याचा काही बोध झाला नाही. पण आत्याबाई भिंतीपासून ताठ झाली. "पाटा नेला? तुळशीसकट?" ती म्हणाली. "मग ती काही परत यायची नाहीत, नाना. दुसरा मास्तर बघ."

दारापर्यंत आलेली नोकरी माझ्या डोळ्यांदेखत जात होती, आणि तीही अशी, की गावाला सांगायची सोय नाही. एका भल्या घरात मुलगी दाखवली आणि मी तिला गुण दिले. मी पिशवी उचलली, हात जोडले आणि म्हणालो, "माझ्याकडून गैरसमज झाला. येतो."

मुलगी मघाशीच उठून आतल्या दाराशी गेली होती, ती तिथूनच म्हणाली, "नाना, आधीच्या मास्तरांपेक्षा हे बरं सांगतात. बंडूला त्यांचं काहीच कळत नव्हतं." बंडू म्हणजे तिचा भाऊ, इंग्रजी शाळेत जाणारा. मघाशी दाराआड हसला होता तो.

नानाशेठांनी छत्री कोपऱ्यात उभी केली. परत उचलली. मग ते हसायला लागले, आणि त्यांचं पोट हलताना मी पहिल्यांदा पाहिलं. "बसा, मास्तर," ते म्हणाले. "ज्याला मी माझी पोरगी द्यायला निघालो होतो, त्याला गावची पोरं द्यायला काय हरकत आहे? चौकशी तर सगळी झालीच आहे. पोहे खा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीतले दोघे-तिघे मास्तरांच्या बिऱ्हाडावर जाऊन आले. ओट्यावर कुंडीचा गोल डाग तेवढा राहिला होता. दुपारी मला कमिटीपुढे बोलावलं, सर्टिफिकिटं पाहिली, आणि जूनपासून रुजू व्हायला सांगितलं. आधीच्या मास्तरांचा राजीनामा टपालाने आला तो त्यानंतर. तोवर मी त्यांच्या वर्गाची पुस्तकं वाचायलाही लागलो होतो.

परतीच्या मोटारीत मला मागे, भट्टीजवळ बसायला मिळालं. घाट चढताना गॅस कमी पडला, आम्ही सगळे उतरून ढकलायला लागलो, आणि सगळ्यात पुढे मी होतो. अंगावर काजळी, डोळ्यांत धूर, आणि मी आपला हसतोय. लोकांना वाटलं असेल, पोराला ऊन लागलं.

अड्ड्यावर उतरलो. कधी एकदा सांगतो असं झालं होतं. गुलाबभाई लांब उभे होते. मला पाहताच त्यांनी गर्दीवरून हाक मारली, "या देवळाली, या."

मी जागच्या जागी थबकलो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? जाताना हातात पिशवी हुती, आता न्हाई. तिकडंच ठिऊन आलात. म्हंजी परत जानार."

मग मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. पोह्यांपर्यंत आलो आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. इसरलो की मी. शेठनी मला दिवाळीत सांगितलं हुतं, पोरीसाठी येखादा शिकलेला बग म्हनून. मी तुमाला शिंप्याचं म्हनून पुढं केलं, बगून घ्या म्हनलो. शेठनी बरूबरच वळखलं. माझंच चुकलं." ते खरोखर खजील झाले. पण माझ्या नोकरीचा आनंद त्यांना फार वेळ खजील राहू देईना. त्यांनी मला चहा पाजला, तीन-चार ड्रायव्हरांना बोलावून "हे आमचे देवळाली" म्हणून दाखवलं, आणि मग एकदम गंभीर झाले. "पन पोरीचं काय? आता माझ्याच गळ्यात आली की ती."

त्यांनी ते खरंच मनावर घेतलं. त्या मुलीला आधी मराठी सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा द्यायची होती. ती दिली, पास झाली. नंतर एका मंगळवारी नानाशेठांशेजारी शेवगावचा एक तरुण शिक्षक बसलेला होता. त्या वेळी मात्र गुलाबभाईंनी दोघांनाही आधी मोकळं सांगून टाकलं होतं, कोण कशासाठी बसलंय ते.

माझ्या घरी हे सगळं कळलं तेव्हा अण्णा म्हणाले, "त्या मानसाला सदरा शिवायचा." नवं कापड दुर्मीळ झालं होतं. मी नानाशेठांना सांगितलं, तर त्यांनी गादीखालून पॉपलिनचा तुकडा काढून दिला. पण अण्णा माप घेतल्याशिवाय कात्री उचलत नसत, आणि गुलाबभाई सोनईला येणं शक्य नव्हतं. मग अण्णाच निघाले, गळ्यात टेप घालून, नगरला.

मोटारी भरायची वेळ होती. मी ओळख करून दिली. गुलाबभाई म्हणाले, "नगं वो सदरा-बिदरा, सोनई. पोरगं लागलं, झालं की." अण्णांनी ऐकलंच नाही. छातीला टेप लावला.

"भाई, हात खाली घ्या की."

"खाली घेतला तर बेलापूर जातंय. ए राहुरी, टपावर न्हाई, आत."

"गळा बगू द्या."

"बगा, बगा. शेवगाव, तुमची मोटार ती न्हवं."

ते चार पावलं पुढे गेले की अण्णा टेप धरून चार पावलं पुढे. ते वळले की अण्णा वळत. धुरातून दोघे असे फिरत होते आणि मोटारीतली माणसं खिडक्यांतून माना काढून पाहत होती. अण्णांनी काहीच लिहून घेतलं नाही. शेवटी टेप गळ्यात टाकून म्हणाले, "झालं. असं गिऱ्हाईक जन्मात न्हाई पाहिलं."

सदरा शिवून झाला तेव्हा मी तो उलटसुलट करून पाहिला. उजवी बाही डावीपेक्षा चांगली बोटभर लांब होती. मी भीतभीतच अण्णांना दाखवलं.

"चुकलं न्हाई," ते म्हणाले. "त्यांचा हात वरच असतो. वर केल्यावर मनगटाला आली पायजे."

पुढे स्वराज्य आलं आणि मागोमाग सरकारी मोटारी आल्या. तिकिटाला खिडकी झाली, रांग झाली, एजंट राहिले नाहीत. गुलाबभाईंनी नव्या स्टँडसमोर पानाचं दुकान टाकलं. देवळालीच्या शाळेची मॅट्रिकची पहिली तुकडी परीक्षेसाठी घेऊन मी नगरला आलो, तेव्हा ते मला शेवटचे दिसले. फळीमागे बसले होते, तोच सदरा अंगात, आता विटलेला. हात पानावर टेकलेला, आणि बाही बोटांवर आली होती. पलीकडे बंडूसकट माझी सगळी मुलं सामान घेऊन उभी, आणि मधून टांगे, सायकली, मोटारी यांचा लोंढा. मुलांना पाय टाकता येईना.

त्यांनी मला पाहिलं, मग मुलांकडे पाहिलं. "येवढी देवळाली येकदम?" म्हणाले, आणि फळीवरून खाली उतरून रस्त्याच्या मध्यावर गेले. उजवा हात वर केला. एक टांगा थांबला, मग दुसरा, मग सरकारी मोटारही थांबली. मुलं रस्ता ओलांडू लागली. सगळ्यात शेवटी मी निघालो, आणि त्यांच्या शेजारून जाताना पाहिलं. बाही मनगटावर बरोबर बसली होती.